काचेआडचे बाळंतपण

ओपीडी संपत आली होती. डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ, मधुमेहाचे जुने रुग्ण, रिपोर्ट दाखवून झाले तरी खुर्चीतून उठेनात. आणखी काही त्रास आहे का, असे विचारले, तेव्हा त्यांनी मागे वळून पुढचा रुग्ण आलेला नाही याची खात्री केली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडेही मासे आहेत असं सिस्टर म्हणाल्या. जरा हे बघा. तिसऱ्यांदा अंडी घातली आणि तिसऱ्यांदा दोघांनी मिळून खाऊन टाकली. काही औषध आहे का यावर?"

फोटोत एंजल फिशची देखणी जोडी होती. मागे हिरवे पान आणि पानावर दाण्यादाण्यांची रांग. टँकमध्ये आणखी पंधरा-वीस मासे होते. काचेला लागून एक खुर्ची दिसत होती.

औषध नाही, असे मी सांगितले. त्यांचा चेहरा पडला. सरकारी रुग्णालयात तीस वर्षे काढल्यावर हा चेहरा ओळखीचा होतो. औषध लिहून न देणारा डॉक्टर म्हणजे नीट न तपासणारा डॉक्टर, असा आपला समज असतो. म्हणून त्यांना मी माझीच जुनी फजिती सांगितली.

निळ्या औषधाचा धडा

ठाण्याच्या घरी माझ्या एंजलच्या जोडीने पहिल्यांदा अंडी घातली, त्याला आता बरीच वर्षे झाली. दुसऱ्या दिवशी त्यांतली काही अंडी पांढरी पडलेली दिसली. पांढरे म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे उपचार, असा विचार करून मी मिथिलीन ब्लू आणले आणि थेट मोठ्या टँकमध्ये ओतले. हे औषध आम्हा डॉक्टरांच्या जुन्या परिचयाचे. पॉल एर्लिश यांनी १८९१ मध्ये ते मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिले होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता बिघडते तेव्हा, म्हणजे मेथहिमोग्लोबिनेमियात, आजही आम्ही ते शिरेतून देतो. मत्स्यपालकही ते अंड्यांवरच्या बुरशीसाठी वापरतात, पण वेगळ्या भांड्यात.

मी विसरलो ते एवढेच, की टँकमध्ये मासे एकटे राहत नाहीत. फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूत, दगडांवर कोट्यवधी उपयुक्त जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे. नायट्रेट त्या मानाने सौम्य. माझ्या औषधाने या जिवाणूंना दणका बसला, अमोनिया वाढला आणि चार दिवसांत मादी व सहा टेट्रा गेले. पांढरी पडलेली ती अंडी फलितच झालेली नव्हती. पालकांनी ती वेचून खाल्ली असती आणि उरलेली वाचवली असती. रोग नव्हताच. डॉक्टर मात्र होता.

तेव्हापासून मी माशांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांचे बाळंतपण आपण 'करत' नाही. ते होण्यासारखी परिस्थिती ठेवायची आणि बाजूला व्हायचे. हे वाटते तितके सोपे नाही, म्हणून आजचा हा लेख.

कालुंदर आणि चिलापीचे भाऊबंद

एंजल, डिस्कस, क्रिबेन्सिस, ऑस्कर आणि वास्तूच्या नावाखाली मोठ्या किमतीला विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न हे सगळे सिक्लिड कुळातले. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत. बहुतेक आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत. भारतातल्या मूळच्या जाती फक्त तीन. त्यांतली एक आपल्या ताटातली आहे. गोव्यात जिला कालुंदर म्हणतात आणि केरळमध्ये करीमीन, तीच ही. केरळने तिला राज्यमाशाचा दर्जा दिला आहे. तिच्या शास्त्रीय नावात 'सुराटेन्सिस' असा सुरतेचा उल्लेख आहे; जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९० मध्ये ते नाव दिले. बाजारात स्वस्त मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीदेखील सिक्लिडच. पण ती पाहुणी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

या कुळाचे वैशिष्ट्य म्हणजे पिल्लांची राखण. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडतात आणि आपल्या वाटेने जातात. सिक्लिड तसे करत नाहीत. एंजलची जोडी रुंद पान किंवा उभा दगड दोन दिवस तोंडाने घासून स्वच्छ करते, त्यावर अंडी चिकटवते आणि मग दोघे पाळीपाळीने परांनी वारा घालत बसतात. क्रिबेन्सिसची मादी गुहेत अंडी घालते आणि नर दाराशी उभा राहतो. चिलापीची मादी तर अंडी तोंडातच उबवते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे नोबेल विजेते कोनराड लोरेंझ यांनी 'किंग सॉलोमन्स रिंग' या पुस्तकात अशाच एका सिक्लिड बापाचा प्रसंग नोंदवला आहे. संध्याकाळी भटकी पिल्ले तोंडात धरून घरट्यात आणून सोडण्याचे त्याचे काम चालू होते. त्याच्या तोंडात खाण्याचा किडा असताना एक चुकलेले पिल्लू समोर आले. त्याने तेही तोंडात घेतले. आता एक गिळायचे आणि दुसरे जपायचे. मासा क्षणभर थिजला, मग त्याने दोन्ही बाहेर टाकले, आधी किडा खाल्ला आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेले.

असे आईबाप स्वतःचीच अंडी खात असतील, तर त्यांना क्रूर म्हणण्यापूर्वी आपण त्यांना कुठे ठेवले आहे ते पाहायला हवे.

अंडी का खाल्ली जातात?

कारणे साधारण चार. पहिले, नवखेपण. तरुण जोडीच्या पहिल्या दोन-तीन खेपा वाया जाणे नेहमीचे आहे. दुसरे, अंडी फलित नसणे. एंजलमध्ये नर-मादी बाहेरून ओळखणे कठीण. कधी कधी दोन माद्यांचीच जोडी जमते. दोघी अंडी घालतात, राखतात आणि दोन दिवसांत सगळी पांढरी पडतात. तिसरे, पाण्यातला बिघाड. चौथे आणि कम्युनिटी टँकमध्ये सर्वांत महत्त्वाचे, सततची भीती. ज्या पालकाला दर मिनिटाला शेजाऱ्यावर धावून जावे लागते, त्याच्या दृष्टीने ही खेप हातची गेलेली असते. अंड्यांत घातलेली शक्ती परत मिळवून पुन्हा प्रयत्न करणे, हा निसर्गाचा रोखठोक हिशेब आहे.

भीतीचा प्रजननाशी असलेला संबंध सिक्लिडमध्ये फार बारकाईने अभ्यासला गेला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील रसेल फर्नाल्ड यांनी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातील एका छोट्या सिक्लिडवर अनेक वर्षे काम केले. या जातीत स्वतःची जागा असलेले दादा नर रंगीत असतात आणि तेच प्रजनन करतात. दबून राहणारे नर फिके असतात आणि त्यांची वृषणेही आक्रसलेली. दादाला टँकमधून काढले की दबलेला नर काही मिनिटांत रंग बदलतो. वीस मिनिटांच्या आत त्याच्या मेंदूतल्या ठरावीक पेशींत एक जनुक जोमाने काम करू लागल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. या पेशी जीएनआरएच नावाचे संप्रेरक बनवतात. पुढच्या दिवसांत त्या आकारानेही वाढतात.

हेच संप्रेरक आपल्याही मेंदूत आहे. परीक्षेच्या ताणाने किंवा अतिरेकी डाएटने मुलीची पाळी थांबते, तेव्हा बिघाड गर्भाशयात नसतो; मेंदूतल्या या संप्रेरकाची लय मंदावलेली असते. परिस्थिती सुरक्षित नाही, असे मेंदूने ठरवलेले असते. अशा मुलीला आम्ही आधी गोळ्या देत नाही. जेवण, झोप आणि ताण यांची चौकशी करतो. माशाच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच. ते सुखाने आहेत का?

जोडी दुकानात मिळत नाही

दुकानदार 'पेअर' म्हणून दोन मासे पिशवीत घालून देतो. बहुतेकदा ते फक्त दोन मासे असतात. खात्रीचा मार्ग म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी सहा पिल्ले एकत्र घ्यायची आणि थांबायचे. साधारण आठ-दहा महिन्यांत त्यांतले दोघे कोपरा धरतात, एकत्र फिरतात, पान घासू लागतात आणि उरलेल्या चौघांना फिरकू देत नाहीत. स्थळ त्यांनीच पाहिलेले असते. आता उरलेले चौघे दुसरीकडे द्यायचे. इथे बरेच जण कच खातात आणि सहाही मासे तिथेच ठेवतात. मग रोज मारामाऱ्या, फाटलेले पर आणि खाल्लेली अंडी.

टँक किमान तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच हवा. त्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच १९० किलो. घरातल्या शोकेसवर तो ठेवू नये, भक्कम स्टँडच हवा.

आतली मांडणी चाळीसारखी करू नये, स्वतंत्र खोल्यांसारखी करावी. एका टोकाला रुंद पानांची झाडे किंवा उभी लावलेली पाटी. ही जोडीची जागा. मध्ये दगड, लाकूड आणि दाट झाडे यांचा आडोसा. पलीकडे इतरांसाठी मोकळी जागा. एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला थेट दिसला नाही, की निम्मी भांडणे मिटतात. क्रिबेन्सिससाठी सर्वांत चांगली गुहा आपल्या स्वयंपाकघरात मिळते. नारळाची करवंटी स्वच्छ खरवडायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत उकळायची, कडेला दोन बोटे जातील एवढी खाच पाडायची आणि पालथी ठेवायची.

शेजारी निवडून ठेवावेत. टायगर बार्ब पर कुरतडतात. लोच आणि सकर रात्री फिरून अंडी फस्त करतात, कारण त्या वेळी एंजलला दिसत नाही. गप्पी आणि निऑन टेट्रा हे मोठ्या एंजलचे खाद्यच. मध्यम आकाराचे, शांत, वरच्या थरात फिरणारे मासे ठीक. कॉन्व्हिक्ट आणि फ्लॉवरहॉर्न यांना मात्र कम्युनिटी टँकमध्ये आणूच नये. तिथे पिल्ले होतील, पण शेजारी उरणार नाहीत.

ठाणे-कल्याणचे पाणी

आपल्याकडे नळाला येणारे धरणाचे आणि उल्हास नदीचे पाणी एंजलला सहसा मानवते. सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचे पाणी मिसळत असेल, तर ते जड असू शकते; एकदा तपासून घ्यावे. पाण्याचा आम्ल-अल्कली गुणधर्म सतत औषधे घालून बदलण्याच्या फंदात पडू नये. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो, रोज हलता कामा नये. क्रिबेन्सिसमध्ये तर पिल्ले लहान असताना पाणी किती आम्ल आहे, यावर नर किती आणि माद्या किती हेही बदलते.

खरा शत्रू क्लोरीन. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे आपले मानक सांगते, आणि एक डॉक्टर म्हणून मला तो हवाच आहे. कॉलरा आणि कावीळ त्यानेच रोखली जाते. पावसाळ्यात पाणी गढूळ होते तेव्हा त्याची मात्राही वाढवली जाते. पण जे आपल्या आतड्यांना तारते, ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. पाणी बादलीत काढून एअर पंप लावून चोवीस तास ठेवावे, किंवा 'हायपो' म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरावे. सायनाइडच्या विषबाधेत आम्ही वापरतो, तेच हे रसायन.

नवा टँक भरल्यावर उपयुक्त जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी प्रजननाचा विचार नको. पुढे दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलावे. तापमान २७-२८ अंश ठेवावे. जानेवारीच्या पहाटे हीटर लागतो आणि मे महिन्यात उलट पाणी तापून त्यातला प्राणवायू घटतो. वीज गेली तर चालेल असा बॅटरीचा छोटा एअर पंप घरात असू द्यावा. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी हीटरचे आणि पंपाचे बटण बंद करावे. यात हलगर्जी नको.

खाण्यात वैविध्य हवे. डासांच्या अळ्या हे माशांना आवडणारे खाद्य आहे, पण त्यासाठी गॅलरीत पाण्याची बादली उघडी ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला आठवडा-दहा दिवस पुरेसे असतात. तुमच्या एंजलने दहा अळ्या खाल्ल्या आणि दोन सुटल्या, तर त्या दोन शेजारच्या घरात जातात. त्यापेक्षा गोठवलेले ब्लडवर्म घ्यावेत.

त्या दहा दिवसांत

सगळे जुळून आले, की थोडे थंड, क्लोरीन काढलेले पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांत अंडी दिसतात. अनेक जातींत पहिला पाऊस हीच विणीची सूचना असते आणि आपले बदललेले पाणी म्हणजे त्यांचा पाऊस.

आता काही करायचे नाही. टँक साफ करायचा नाही, झाडे हलवायची नाहीत, पाहुण्यांना बोलावून काचेवर टकटक करायची नाही. रात्री खोलीत मंद दिवा ठेवावा, म्हणजे पालकांना राखण करता येते. जोडीच्या बाजूच्या काचेला बाहेरून कागद लावला तर उत्तमच. शेजाऱ्यांना पलीकडच्या कोपऱ्यात खाणे द्यावे. फारच दंगा असेल तर मध्ये जाळीचा पडदा बसवावा.

अडीच-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले पानाला चिकटून नुसती वळवळतात. पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी असते, त्यामुळे खाणे लागत नाही. पालक त्यांना तोंडात घेऊन एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, खाल्ली! खाल्लेली नसतात, जागा बदललेली असते. पुढे आणखी पाचेक दिवसांत ती पोहू लागतात. तेव्हा नुकतेच उबवलेले आर्टिमिया दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे लागतात.

डिस्कसची पिल्ले या टप्प्यावर आईबापाच्या अंगालाच लुचतात. त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव हे पिल्लांचे पहिले अन्न. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांबरोबर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चिकाच्या दुधाबद्दल मी रोज वॉर्डात जे सांगतो, त्याच्याशी याचे साम्य पाहून मला नवल वाटले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून डिस्कस पालक पिल्लांपासून दूर पोहू लागतात. अंगावरचे तोडण्याचीच ही पद्धत. आपल्याकडच्या नारिंगी क्रोमाइड या देशी सिक्लिडची पिल्लेही पालकांच्या अंगावरचा स्राव टिपतात.

हात जपा

आता थोडे तुमच्याबद्दल. मागे एक रुग्ण आला, उजव्या हाताच्या बोटावर न दुखणारी जांभळट गाठ घेऊन. दोन महिने मलमे लावून झाली होती. आता मनगटाकडे ओळीने आणखी दोन गाठी आल्या होत्या. सगळे प्रश्न विचारून झाल्यावर शेवटी विचारले, "घरी मासे आहेत का?" होते. अंड्यांसाठी दगड हलवताना बोट कापलेही होते.

या आजाराला 'फिश टँक ग्रॅन्युलोमा' म्हणतात. त्याचा जिवाणू मायकोबॅक्टेरियम मरायनम, क्षयाच्या जिवाणूचा दूरचा नातलग. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो प्रथम ओळखला गेला. त्याला ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो सहसा शरीरात खोल न जाता हाताबोटांच्या थंड त्वचेवर वाढतो. जखमेनंतर दोन-तीन आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा गाठ दिसते. तपासणीसाठी त्वचेचा तुकडा घ्यावा लागतो आणि प्रयोगशाळेला तो कमी तापमानात वाढवायला सांगावे लागते. उपचार अनेक महिने चालतात. आजार बरा होतो आणि माणसाकडून माणसाला पसरत नाही. पण डॉक्टरांना 'माझ्याकडे फिशटँक आहे' हे तुम्ही सांगितले नाही, तर निदान लांबते.

त्यामुळे हाताला कापले असेल तर टँकमध्ये हात घालू नका. घालावाच लागला तर लांब हातमोजे वापरा. नंतर साबणाने हात धुवा आणि मुलांनाही ती सवय लावा. पाणी उपसायची नळी तोंडाने ओढू नका. मधुमेही, डायलिसिसवरचे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी टँकची सफाई दुसऱ्याकडून करून घ्यावी.

आणखी एक. मासा सुस्त दिसला, की घरातली उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात फोडणारे लोक आहेत. त्याने मासा क्वचितच वाचतो. पण टँकमधल्या जिवाणूंना त्या औषधाची सवय होते आणि ते पाणी शेवटी गटारातून खाडीत जाते. अँटिबायोटिक्स निष्प्रभ होत चालल्याचे दुःख आम्ही रोज अतिदक्षता विभागात पाहतो. त्यात आपल्या फिशटँकची भर नको.

पिल्लांचे पुढे काय?

हा प्रश्न जोडी जमण्यापूर्वी विचारायचा. मोठ्या एंजलची एक खेप काही शे अंड्यांची असते आणि अंडी गेली तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा घालते. सगळी जगवली, तर तीन महिन्यांत घरात माणसांपेक्षा बादल्या जास्त होतील. मग एखादा भला माणूस पिशवी घेऊन तलावपाळीवर, उपवनला किंवा कल्याणच्या काळा तलावावर जातो आणि 'जीवदान' देऊन हात जोडतो.

हे पुण्य नाही. त्यातली बहुतेक पिल्ले मरतात. आणि मेली नाहीत तर ते अधिक वाईट. चिलापी मूळची आग्नेय आफ्रिकेतली. १९५२ साली स्वस्त प्रथिनांच्या आशेने ती भारतात आणली गेली. तोंडात पिल्ले सांभाळणारी, लहान वयात विणारी, कसल्याही पाण्यात तगणारी. ज्या गुणांचे आपण वर कौतुक केले, त्याच गुणांनी तिने आपले जलाशय व्यापले. उजनीच्या मासेमारीत ती किती मुरली आहे, हे तिथल्या कोणत्याही कोळ्याला विचारा. जगातल्या सर्वाधिक त्रासदायक शंभर परक्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे. घरोघरच्या टँकमधून सुटलेले सकरही आता देशातल्या अनेक जलाशयांत सापडतात. ठाणे तलावांचे शहर म्हणवते. त्या तलावांत जी देशी मासळी उरली आहे, तिला आणखी पाहुणे परवडणारे नाहीत.

कम्युनिटी टँकचा फायदा इथे आहे. सगळी पिल्ले वेगळी काढून जगवण्याचा हट्ट धरला नाही, तर पालकांच्या राखणीतून आणि शेजाऱ्यांच्या तावडीतून मोजकीच मोठी होतात. ती कोण घेणार, हे ओळखीच्या दुकानदाराशी किंवा मित्रांशी आधीच बोलून ठेवावे. कोणीच घेणार नसेल, तर अंडी असलेले पान पहिल्याच दिवशी काढून टाकावे. ऐकायला कठोर वाटेल, पण तलावात सोडण्यापेक्षा हे जबाबदारीचे आहे.

डोंबिवलीचे गृहस्थ तीन महिन्यांनी फेरतपासणीला आले. साखर थोडी उतरली होती. मग मोबाइल निघाला. रुपयाएवढी अकरा पिल्ले आईबापांच्या मध्ये पोहत होती.

"काय केलंत?" मी विचारले.

"तुम्ही सांगितलं तसं. चार मासे भाच्याला दिले, सकर काढला. पण खरं सांगू का डॉक्टरसाहेब, काचेसमोर खुर्ची टाकून बसायचो ना दिवसभर, ते बंद केलं. आता संध्याकाळी तेवढा वेळ चालायला जातो."

अकरापैकी आठ पिल्ले कोपऱ्यावरचा दुकानदार घेणार होता. उरलेल्या तिघांचे नाव त्यांनी माझ्याकडे पाहून घेतले. मी त्यांना हात पुढे करायला सांगितले, बोटे उलटीसुलटी पाहिली, कुठे गाठ नव्हती. मग म्हणालो, दोन आणा, तिघांना जागा नाही.